कटरेमामांचे अंतूभाऊ

भर मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं तेव्हा, कटरेमामांच्या घरी पंखा बंद असतो. वीज असते, पंखाही चांगला आहे. पण खाली चादरीवर देश वाळत असतात. जुन्या पाकिटांवरची तिकिटं मामा जेवणाच्या थाळीत भिजवतात, अलगद सोडवतात आणि उलटी करून वाळत घालतात. घामानं निथळणारा पाहुणा बटणाकडे सरकला, की मामा ओरडतात, "हात नका लावू जी! जपान उडन!"

मामा माझे शेजारी. बिरसीच्या अलीकडच्या आमच्या गावात सगळेच त्यांना मामा म्हणतात. सख्खा भाचा मात्र एकही नाही. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये ते फिटर होते. मालकाला परदेशातून पत्रं येत. पाकिटं टोपलीत गेली की मामा उचलून घरी आणत. तिथून नाद लागला. तरुणपणी मुलगी पाहायला गेले, तर पोह्यांची बशी हातात धरून मुलीच्या बापाला विचारलं, "तुमच्याकडे बाहेरदेशातून कोणाचं पत्र येते का जी?" बापाला वाटलं, पोरगा हुंड्यात विलायत मागून राहिला. तिथंच बोलणी मोडली. पुढं मामांनी कोणाचे पोहे खाल्ले नाहीत.

आता जगातले बहुतेक देश त्यांच्याकडे आहेत, लग्नाच्या फोटोंच्या जाड अल्बममध्ये बसवलेले. बसवण्याची रीत मात्र त्यांची स्वतःची. पहिल्या अल्बमात धानवाले, म्हणजे भात पिकवणारे देश, दुसऱ्यात गहूवाले आणि तिसऱ्यात "काय खातेत कोण जाणे" असे. मी एकदा म्हटलं, "मामा, नावाच्या क्रमानं लावा ना."

"कायले? पहिले पोटाची ओळख, मंग नावाची."

शिवाय भांडणारे देश ते एका पानावर ठेवत नाहीत. सकाळी रेडिओवर बातम्या ऐकायच्या, चिमटा हातात घ्यायचा आणि कोणत्या तरी देशाला उचलून दोन पानं पलीकडे न्यायचं. "बाहेर लढून राहिले तर लढोत. माझ्या घरात नाई."

मिलमध्ये पत्रांऐवजी ई-मेल येऊ लागले, तेव्हा मामांची चांगलीच पंचाईत झाली. त्या वेळी तिकीटशौकिनांच्या एका मासिकात त्यांना पोर्तुगालच्या आंतोनियो नावाच्या माणसाचा पत्ता सापडला. मामांनी आपली जास्तीची तिकिटं पाठवली, त्यानं त्याची. आंतोनियोचा लवकरच अंतूभाऊ झाला. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि मामांनाही नाही, त्यामुळं बोलणं असं काही नव्हतंच. एकदा मामांनी सोबतच्या चिठोऱ्यावर 'नमस्कार' लिहिलं. पुढच्या पाकिटात अंतूभाऊचा 'नमस्कार' आला. पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं, आणि वरची रेघ चक्क खाली ओढलेली. मामांनी लाल पेनानं दुरुस्ती करून चिठोरा परत पाठवला. त्याच्या पुढच्या खेपेला रेघ वर आली. तो कागद घेऊन मामा गल्लीभर फिरले. "शिकला बे माझा अंतूभाऊ!"

पोर्तुगालात धान पिकतं, हे मीच त्यांना मोबाईलवर दाखवलं. मामा खुर्चीवरून उठले. त्याच दुपारी पोर्तुगाल गहूवाल्यांतून धानवाल्यांत आला.

गेल्या वर्षी पाकिटं थांबली. मामा पोस्टमनची वाट पाहत चौकातच उभे राहू लागले. "डाक हळू झाली आहे आजकाल," असं स्वतःच म्हणत. धानाची कापणी उरकली आणि एक पाकीट आलं, पण ते मामांनीच पाठवलेलं होतं, न फोडता परतलेलं. वर छापील चिठ्ठी, चौकोनात एक खूण. "हे काय म्हणून राहिले, पाहा बरं," म्हणत मामांनी ते माझ्यापुढं धरलं. मी मोबाईलवर अर्थ काढला. खूण 'मयत' या शब्दापुढं होती.

"मामा, अंतूभाऊ गेले."

"अच्छा," मामा म्हणाले. पाकीट घेऊन घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ओट्यावर न्हाव्यापुढं बसलेले. अर्धं डोकं साफ झालेलं. समोरच्या वत्सलाबाई घागर टेकवून धावत आल्या. "अगं माय! कोण गेला जी?"

"भाऊ."

मामांना भाऊ नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी मान हलवून खुणावलं, तशा त्या घागर उचलायला वळल्या. संध्याकाळी त्यांच्याकडून मामांसाठी पिठलं-भात गेला.

दहाव्या दिवशी मी मामांना मोटारसायकलवर नागऱ्याला नेलं. महादेवाच्या देवळाजवळ गुरुजींनी दर्भ, तीळ मांडले आणि विचारलं, "मयताचं नाव?"

"अंतूभाऊ."

"गोत्र?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझंच लावा जी. भाऊच होता."

गुरुजींनी तेच गोत्र घेऊन मंत्र सुरू केले. ते सांगतील तसं मामांनी सगळं केलं.

परत येताना मामा मागं बसले होते. गाव जवळ आलं, तसे माझ्या कानाशी वाकले.

"एवढी वर्षं झाली, पण फोटू कधी मागतला नाई जी मी त्याले. कसा दिसत असन?"

 मी गाडी हळू केली.

"उंच असन," मामाच म्हणाले. "मले वाटते, उंच असन."