चंद्रमौळींच्या घरी चूल पेटली नाही

कुंभकोणच्या नगरपालिकेतले कारकून चंद्रमौळी यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं, की परदेशात पाहुणे जेवायला येताना आपापला पदार्थ घेऊन येतात आणि यजमानीण नुसती हसत उभी राहते. झालं. पुढच्या रविवारी तसंच जेवण करायचं ठरलं.

"कुणी काय आणावं ते तरी सांगा," त्यांची बायको गोमती म्हणाली.

"पाहुण्याकडे मागून घ्यायचं? ज्याच्या घरचं जे नामी, ते त्यानं आणावं." (मासिकाचं पुढचं पान उंदरानं खाल्लं होतं.)

गोमतीला एकच हवं होतं. तिच्या भावानं, आडुतुरैच्या व्यंकोबांनी, यावं. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत चंद्रमौळी त्यांच्या घरच्या सांबाराला 'चिंच कमी' म्हणाले होते, आणि तेव्हापासून व्यंकोबांनी या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. याही वेळी त्यांनी निरोप्याला दारातूनच परत पाठवलं.

रविवारी सकाळी थंड चूल पाहून गोमतीला रडू आवरेना. सणासारखा दिवस, चुलीत राख, आणि भाऊ येणार नाही. ती दारात डोळे पुसत उभी, आप्त झाकलेली भांडी घेऊन आत येतायत, आणि चंद्रमौळी मागच्या परसात केळीची पानं कापतायत. समोरच्या ओट्यावरून त्रिपुरसुंदरी मामींनी हे सगळं पाहिलं. धुराडं थंड, बाई रडतेय, बाहेरून शिजलेलं अन्न येतंय, नवरा कुठं दिसत नाही. असं कोणत्या घरी होतं, ते मामींना चांगलं ठाऊक होतं. विचारायला न जाता त्यांनी आपल्या यजमानांना पहिल्या गाडीनं आडुतुरैला पिटाळलं.

दुपारी पानं मांडली आणि झाकणं निघू लागली. पहिल्या भांड्यात सांबार. दुसऱ्यात सांबार. तिसऱ्यातही सांबारच. प्रत्येक घराला आपलं सांबारच नामी वाटत होतं, आणि भात यजमानांचा असणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पाहुणे रिकाम्या पानांकडे बघत बसले. चंद्रमौळींना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

तेवढ्यात दार वाजलं. चंद्रमौळींनी उघडलं. दारात व्यंकोबा, डोळे लाल, हातात पिठलं-भाताचं मोठं पातेलं. मागे मामी, त्या मटकन पायरीवरच बसल्या.

"कोण वारलं?" चंद्रमौळींनी घाबरून विचारलं.

"तुम्ही," व्यंकोबा म्हणाले.

गोमती धावत आली आणि भावाला पाहून हुंदके देऊ लागली. पातेलं मात्र तिनं आधी काढून घेतलं.

पंगत झकास झाली. एवढी सांबारं आणि भात व्यंकोबांचा. चंद्रमौळींनी पिठल्याची तोंड भरून स्तुती केली. व्यंकोबा ऐकून घेत होते.

"गाडीत म्यां तुम्हांस क्षमा करून टाकिली होती," शेवटी ते म्हणाले. "माणूस गेला, आता राग कसला. पण तुम्ही तो जिवंत. आता पुन्हा विचार करणें आलें."

"राहू दे, अण्णा," गोमती भात वाढत म्हणाली. "एवढ्यासाठी त्यांना खरंच मरायला लावतोस काय?"

व्यंकोबांनी हात थांबवला आणि यावर बराच वेळ विचार केला.