लाल रेषेबाहेरचा बंगला

त्सुनामी इशारा केंद्राच्या मोठ्या साहेबांना आपला समुद्रकाठचा बंगला विकायचा होता, आणि धोक्याच्या नकाशावरची लाल रेषा नेमकी त्याच्या मागून, टेकडीच्या पायथ्याने जात होती. रेषेच्या आतलं घर घेणार कोण? साहेबांनी नकाशावर सही करण्यापूर्वी रेषेला बंगल्यापाशी जराशी बगल द्यायला लावली. समुद्राला तेवढं कळवायचं राहिलं.

आज गिऱ्हाईक आलं होतं.

"लाट इथवर येते आणि कुंपणाशी वळते," साहेब व्हरांड्यातून हात फिरवत म्हणाले.

"कुंपण बघून?"

"शास्त्र आहे हो ते. तुम्हाला नाही कळायचं."

तेवढ्यात केंद्रातून साहाय्यक बाईंचा फोन आला. "साहेब, समुद्राखाली मोठा भूकंप झालाय. तासाभरात लाट किनाऱ्याला लागेल."

"उंच किती?"

"ते इतक्यात कसं कळणार? खोल पाण्यात ती विमानाच्या वेगाने धावते, पण उंची असते वीतभर. फुगते ती किनाऱ्याशी. समुद्राच्या तळावरच्या यंत्रांवरून ती गेली की पाण्याचा दाब मोजून मी सांगते. भोंगा वाजवू ना?"

"वाजवा," साहेब म्हणाले. नाही म्हणायची सोय नव्हती.

भोंगा वाजला आणि बघता बघता किनाऱ्यावरची सगळी वस्ती बंगल्याच्या फाटकात आली. वळकट्या, कोंबड्या, एकाच्या डोक्यावर टीव्ही.

"अहो, माझ्या गुलाबात शेळी!" साहेबांची बायको किंचाळली.

"नकाशात जवळची सुरक्षित जागा हीच आहे," शाळेच्या बाईंनी नकाशा उलगडून दाखवला.

"वा! केवढा विश्वास लोकांचा!" गिऱ्हाईक खूश झालं.

साहेबांनी मनात हिशेब केला. खरं सांगावं तर बंगला गेला, शिवाय नोकरी. न सांगावं तर ही सगळी माणसं जातील. एवढं कळूनही त्यांच्या तोंडून निघालं ते असं : "इथे फार दाटी होतेय. वर टेकडीवर हवा छान आहे."

"हवा खायला आलोय का आम्ही?" एक आजी म्हणाली. "माझे गुडघे गेलेत. आणि हे बघ, सही तुझीच आहे ना?" ती पायरीवर ऐसपैस बसली.

फोन पुन्हा वाजला. "साहेब, लाट यंत्रावरून गेली आणि..."

पुढचं ऐकायला साहेब थांबले नाहीत. फोन बायकोच्या हातात कोंबून ते घरातल्या सपातांवरच टेकडीकडे सुटले.

"अरे, साहेब पळाले!"

मग काय, वस्ती, शेळी, गिऱ्हाईक, सगळे मागोमाग. अर्ध्या चढावर गुडघे गेलेल्या आजीने साहेबांना मागे टाकलं.

माथ्यावर पोचल्यावर बायको धापा टाकत म्हणाली, "अहो, पूर्ण ऐकायचं तरी! बोटभरच आहे म्हणे, काही होणार नाही."

खाली लाट आली आणि किनाऱ्याची वाळू भिजवून परत गेली. साहेबांच्या जिवात जीव आला, आणि त्याच्या पाठोपाठ ऐटही आली.

"बघितलंत? बंगल्याला थेंब लागला नाही! मग, व्यवहार पक्का?"

गिऱ्हाईक बुटांचा चिखल गवताला पुसत होतं.

"लाटेकडे लक्ष कोणाचं होतं, साहेब?" ते म्हणालं. "मी तुम्हाला पळताना बघितलं."