बिराजदार सरांचा फोन

बिराजदार सरांच्या फोनमध्ये एकाही माणसाचं नाव नव्हतं. माणसाला जे येतं, तेच त्याचं नाव. 'विहिरी', 'चादरीचा रंग', 'शेळ्यांची बाळंतपणं'. सख्खा मेहुणा 'जुने रेडिओ' म्हणून होता. तो चिडला, तर सर म्हणाले, "तुमच्या भावाला काहीच येत नाही. तो घेतलेलाच नाही."

सर मूळचे अक्कलकोटकडचे, राहायला जिल्ह्याच्या गावी, शुक्रवार पेठेत, एकटे. निवृत्तीनंतर ते जिल्ह्यातल्या हायस्कुलांत फिरत आणि आम्हा शिक्षकांना प्रकल्पातून शिकवायला शिकवत. धडा, मुलांची आवड आणि गावातलं जाणतं माणूस एकमेकांना जोडा, एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्या लेखी प्रकल्प म्हणजे थर्माकोल.

ते वैरागच्या आमच्या शाळेत पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्या नववीनं 'गावाचं पाणी' या विषयावर विहीर केली होती. तिला रहाट होता, निळ्या कागदाचं पाणी होतं, काठावर कापसाची बदकंही होती. सरांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"कुणाला विचारलं?"

मी म्हणाले, पुस्तकात आहे सगळं.

"इरली," सर म्हणाले. म्हणजे कानडीत 'असू दे'. सर 'इरली' म्हणाले की काहीच असू द्यायचं नसतं, हे मला पुढे कळलं.

त्यांनी तिथंच 'विहिरी'ला फोन लावून स्पीकर सुरू केला. पलीकडे करमाळ्याकडचे एक म्हातारे, जन्मभर जिल्ह्यातल्या विहिरी खोदलेले. मुलांनी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "तुमच्या शाळंतली हीर कंदी आटली?"

शाळेत विहीर आहे हेच मला ठाऊक नव्हतं. दारात आमचे शिपाई मारुतीमामा उभे होते. ते म्हणाले, "आटली कुटं? पाणी हाय की अजून. मीच फरशी टाकली वरनं." त्या फरशीवर उभी राहून मी सात वर्षं प्रार्थना घेत होते.

पुढचा महिनाभर माझ्या वर्गात मारुतीमामा शिकवत होते आणि घंटा मी देत होते. पाण्याची पातळी मोजायला दोर कसा सोडायचा, हे नववीबरोबर मीही शिकले.

मी पुस्तकांत रमणारी. अनोळखी माणसाला काही विचारायचं म्हटलं की मी रस्ता बदलायची. सरांनी ते ओळखलं आणि मला शिक्षाच दिली. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता फोन करायचा आणि आठवड्यात कुणाला विचारलं ते सांगायचं. त्यांचं आमच्या शाळेतलं काम संपलं, शिक्षा संपली नाही. मी कुंभाराला विचारलं, एसटीच्या कंडक्टरला विचारलं, बाजारात कांदे निवडणाऱ्या बायकांना विचारलं. त्यातले कितीतरी जण पुढे माझ्या वर्गात येऊन बोलून गेले. आज मला जे शिकवता येतं, ते या शिक्षेमुळे.

एकदा मी धीर करून विचारलं, तुमच्या फोनमध्ये मी काय म्हणून आहे?

"इरली, मॅडम."

ते मला फार लागलं. मेहुण्याला निदान रेडिओ तरी येत होते.

सर गेल्याचं मला कळलं होतं. तरीही दहाव्या दिवशी त्यांच्याच नंबरावरून फोन आला, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. पुण्याची त्यांची मुलगी बोलत होती. फोनमधल्या सगळ्यांना ती कळवत होती, आणि नावं नसल्यामुळे प्रत्येकाला आधी तुम्ही कोण, असं विचारावं लागत होतं. मला मात्र तिनं विचारलं नाही.

"तुम्ही 'गुरुवार' ना?" ती म्हणाली. "बाबा त्या दिवशी मला फोन लवकर ठेवायला लावायचे. मॅडमचा रिपोर्ट यायचाय, कुणाला विचारलं ते ऐकायचंय म्हणायचे. साडेसहापासून फोन हातात धरून बसायचे."

इतकी वर्षं मला वाटत होतं, हजेरी माझी लागते आहे.

पुढच्या गुरुवारी सात वाजले. फोन हातात होता, पलीकडे सर नव्हते. तरी मी तोच नंबर लावला. तिनं उचलला.

ती म्हणाली, "सांगा. कुणाला विचारलं?"