वानखडे सरांच्या चार पायऱ्या

आमच्या चिखलीत माझ्या शेजारी राहणाऱ्या भास्करराव वानखडे सरांना कोणी ‘मला पोहता येते’ असे सांगितले, तर ते आधी विचारतात, “कोणत्या पायरीचं?”

सरांचा संगणकाचा वर्ग आहे. सॉफ्टवेअर लोकांच्या हाती जाण्यापूर्वी त्यातील दोष कसे शोधावेत, हे ते पदवीधर मुलामुलींना शिकवतात. त्या अभ्यासक्रमात प्रत्येक धड्याची पायरी ठरलेली असते: आठवणे, समजणे, वापरणे आणि पृथक्करण करणे. सरांनी ही शिडी वर्गातून उचलली आणि साऱ्या गावाला लावली. त्यांच्या मते आमची भाजीवाली तिसऱ्या पायरीवर आहे; न्हावी वीस वर्षे दुसरीवरच बसला आहे.

मेहकरहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने सीमेवरच्या चाचणीची, म्हणजे मर्यादेच्या अलीकडचे-पलीकडचे आकडे देऊन दोष शोधण्याची, व्याख्या अस्खलित म्हटली. सरांनी त्याच्यापुढे रिकामा डबा ठेवला. “यात एक ते दहाच गोळ्या चालतात. काय काय टाकून तपासशीन?” विद्यार्थी म्हणाला, “गोळ्या, सर.” सरांनी फळ्यावर शून्य, एक, दहा, अकरा असे लिहिले आणि ते शांतपणे म्हणाले, “व्याख्या घरी ठेवून येत जाय बे.”

मी भिक्षुकी करणारा; माझे सारे अध्ययन पाठांतराचे. प्रातःकाळी माझे स्तोत्रपठण चालू असता कुंपणापलीकडून आवाज येई, “गुरुजी, हे त पहिलीच पायरी झाली.” पहिली वगळून वर कोण चढला, असे मी विचारी. हा वाद विमलताई, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा आणून मिटवीत. एकदा दूध उतू जात असता सर त्याची कारणे सांगू लागले. त्या म्हणाल्या, “चौथी पायरी राहू द्या, पहिले गॅस बंद करा.”

विमलताई गतवर्षी निवर्तल्या. मूलबाळ नसल्यामुळे दहाव्याचा विधी सरांनीच केला. मी मंत्र सांगत होतो, ते मागून म्हणत होते. माझ्या जुन्या सवयीने मी मध्येच एका ओळीचा अर्थ सांगितला आणि सर तिथेच थांबले. उरलेले मंत्र मीच म्हटले.

वर्षश्राद्धाला महिना उरला असता ते माझ्या ओसरीवर येऊन बसले.

“गुरुजी, तवा तिच्या दहाव्याचं अर्धं माह्या तोंडून राह्यलं. आता सगळं मले पाठ करून द्या. अर्थ नका सांगू. अर्थ समजला की मले बोलताच येत नाही.”

मी त्यांना महिनाभर रोज एकेक ओळ दिली. ते बालकासारखे घोकत. मी एकदाही पायरीचा विषय काढला नाही. माझे वय झाले आहे, तरी इतके मला कळते.

श्राद्धाच्या दिवशी मी केवळ समोर बसलो. तीळ आणि जल ओंजळीतून सोडीत त्यांनी विमलताईंच्या नावासह सर्व मंत्र स्वतः म्हटले. कोठेही अडले नाहीत. मग हात पुसून माझ्याकडे वळले.

“आता सांगा, गुरुजी.”

मी अर्थ सांगू लागलो. दुसऱ्याच ओळीला त्यांनी उपरणे डोळ्यांना लावले. मी थांबलो, तेव्हा त्यांनी मान न उचलता हाताने पुढे चला अशी खूण केली.