वकील सुभानराव यांनी पेटारा हलका केला, ती हकिकत

श्री वायुपुत्र प्रसन्न. आकाशमार्गे ज्यांची स्वारी वारंवार चालते, त्या सर्वांची वस्त्रे न चुरगळता राहोत आणि पेटारे धन्याच्याच मुक्कामी उतरोत, ऐसे प्रार्थून ही हकिकत लिहिली. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी दक्षिणेत एक दौलत होती. नाव लिहीत नाही, लिहिले तर दहा जण भांडत येतील की आमचीच बदनामी केली. या दौलतीत पाणी उपसण्याचे पंप घडत, आणि पंप ऐसे नामी की एकदा बसविला म्हणजे मालकाने विसरोन जावे. परंतु पंपास तोंड नाही, म्हणोन दौलतीने एक वकील ठेविला होता, त्याने विमानी बसोन परमुलुखी जावे, दरबारी उभे राहावे आणि पंपाचे तह करोन यावे. त्या वकिलाचे नाव सुभानराव लोखंडे. कामात चोख, जिभेवर साखर, पंपाचा आटा अन् आटा तोंडपाठ, आणि वकिलीवर जीव ऐसा की महिन्यात दोन खेपा विमान चुकले तर घरात करमत नसे. परंतु एक खोड होती, ती भिडेची. कोणास नाही म्हणणे त्यांच्या तोंडास ठाऊकच नव्हते.

आणि दौलतीची रीत त्याहून वाईट. वकिलाची स्वारी निघणार ऐसी आवई उठली की सदरेतील एकेक जण काखेत काही दडवोन येई, खाकरे, आणि म्हणे, "सुभानराव, जाताच आहात तर..." या तीन शब्दांपुढे सुभानराव पाणी होत. मार्गशीर्षात उत्तरेच्या नगरी स्वारी ठरली, तेव्हा फडणीस मेतकूट घेवोन आले, त्यांचा साडू तेथे राहतो म्हणोन. दिवाणजी कैरीच्या लोणच्याची बरणी घेवोन आले, त्यांचा पुतण्या तेथे शिकतो म्हणोन. खुद्द राणीसाहेब आल्या, लेक तेथे दिली म्हणोन, आणि गोड्या मसाल्याची एक बरणी व कुरडयांची एक बरणी देवोन म्हणाल्या, "सांभाळून हं, उलटी करू नका." जे जन्मात विमानाची शिडी चढले नाहीत, ज्यांस ठावे नाही की पहाटे उठोन, रांगेत उभे राहोन, पट्टा काढोन, विजार एका हाताने धरोन माणूस कैसा पुढे सरकतो, त्या लोकांचा हात दुसऱ्याच्या पाठीवर ओझे ठेविताना काय सैल सुटतो! साडूचे मेतकूट दुकानात मिळत नाही काय? मिळते. परंतु दुकानात पैसे पडतात आणि सुभानराव फुकट पडतात.

मग सुभानरावांनी दोन कोट, सदरे आणि जोडे एका बाजूस दाबले आणि बरण्यांस मधोमध बसविले, जैसे काही बरण्याच तह करणार होत्या. आकाशनाक्यावर झडतीच्या शिपायाने पेटारा उघडिला आणि बरणी उचलोन पुसिले, "यह क्या है?" सुभानराव म्हणाले, "अचार." "गाढा है या पतला?" सुभानराव खरे बोलणारे. म्हणाले, "ऊपर तेल है, नीचे टुकडे हैं. मतलब दोनों." शिपाई म्हणाला, "तो दोनों नहीं जाएगा," आणि पेटारा हातचा सुटोन विमानाच्या पोटात गेला. पोटात पेटाऱ्यांची काय गत होते ते लिहवत नाही. उत्तरेस उतरल्यावर फिरत्या पट्ट्याशी फार वेळ उभे राहिले तेव्हा पेटारा आला, आणि उघडोन पाहतात तो बरणीचे झाकण एकीकडे, बरणी एकीकडे आणि तेल सर्वांकडे. मुक्कामी जावोन एका कोटास साबण लाविला, चोळिले, पुसिले, परंतु डाग आणिक पसरला. दुसरा कोट तर त्याहून भिजलेला. दरबाराची वेळ जाहली, तेव्हा तो पहिलाच कोट अंगी चढवोन गेले.

दरबारी वजिराने पंपाचे चित्र पाहिले, मग सुभानरावांच्या छातीकडे पाहिले, मग रुमाल नाकास लावोन म्हणाले, "पंप बरा दिसतो. परंतु गळती कोठून येते आहे?" अवघा दरबार हसला. ज्याच्या छातीवरच गळती त्याचा पंप कोण घेतो? तह दुसऱ्या दौलतीस गेला, तिच्या वकील कुमुदिनीबाई कर्णिक यांस. या बाई दहा वर्षे सुभानरावांसमोर उभ्या राहोन लढत आल्या होत्या, आणि समोर आल्या की एकमेकांस नमस्कारापलीकडे शब्द देत नसत.

परतीस धुके दाटले आणि सर्व विमाने खोळंबली. सुभानराव एका खुर्चीत कोट उलटा करोन मांडीवर घेवोन बसले होते. इतक्यात समोरच्या खुर्चीत कुमुदिनीबाई येवोन बसल्या. वस्त्रास सुरकुती नाही, जवळ एक लहान पेटारा, तो चाकांवर ऐसा चाले की जैसे शहाणे वासरू. बाई बोलिल्या, "लोखंडे, रागावू नका. पण आज तुमच्याआधी दरबारात लोणचं आलं."

"कैरीचं होतं," सुभानराव बोलिले.

"कळलं. मोहरी जास्त पडली होती."

सुभानराव हसले आणि हसता हसता डोळे भरोन आले. म्हणाले, "बाई, जिंकलात तुम्ही. आता जखमेवर मीठ नका चोळू."

"मीठ त्या लोणच्यातच पुष्कळ होतं. ऐका माझं. तुमचा पंप माझ्या पंपापेक्षा बरा आहे. हे तुम्हांला ठाऊक, मला ठाऊक. वजिराला ठाऊक होण्याआधी तुम्ही वासाने हरलात. मला लोणच्यावर जिंकायचं नव्हतं हो. असल्या जिंकण्याला चव नाही."

ऐसे बोलोन बाईंनी आपला पेटारा उघडोन दाखविला. शत्रूने आपले शस्त्रागार उघडोन दाखवावे, ऐसा तो प्रसंग. म्हणाल्या, हा पेटारा पोटात कधी देत नाही, डोक्यावरच्या फळीत मावेल तेवढाच ठेविते. दरबारचा कोट पेटाऱ्यात नाही, अंगावर. आणि विमानात बसले की काढोन, अस्तर बाहेर करोन, घडी मांडीवर. जड जोडे पायात, हलके पेटाऱ्यात, आणि जोड्यांच्या पोटात मोजे. रंग दोनच, निळा आणि राखाडी, म्हणजे कोणताही सदरा कोणत्याही विजारीवर चालतो आणि पहाटे अर्धवट झोपेत हात घातला तरी चूक होत नाही. सदरे मऊ कपड्यांच्या गाभ्याभोवती गुंडाळावे, म्हणजे कडक घडी पडत नाही. मुक्कामी पोहोचताच न्हाणीघरात कढत पाणी सोडावे आणि वाफेत सदरा टांगावा, उरली सुरकुती आपोआप उतरते. एक शाल हाताशी, कारण विमानातला गारवा हाडात शिरतो आणि कुडकुडणारा वकील दरबारी लाचार दिसतो. सुभानरावांनी सर्व ऐकिले. मग म्हणाले, "हे सगळं जमेल. पण बाई, बरण्या? नाही कसं म्हणायचं?"

"तोंडाने," बाई म्हणाल्या.

"आणि राणीसाहेबांना?"

"राणीसाहेबांना हात जोडून. पण तोंडानेच."

मग धुके निवळले आणि दोघे आपापल्या वाटेने गेले. दौलतीस पोहोचताच हुजूरांनी सुभानरावांस सदरेत उभे केले आणि म्हणाले, "गळती! आमच्या पंपास गळती म्हणाले लोक! माघ मासी त्याच नगरी दुसऱ्या दरबारची मुलाखत आहे. रिकाम्या हाताने आलात तर वकिली काढोन भाच्यास देऊ, आणि तुम्ही गोदामी बसून नट-बोल्ट पाहा." भाचा धैर्यशील कोपऱ्यात उभा होता, त्याने आतापासोनच नव्या कोटाचे माप दिले होते. पंपास पाणी कोणीकडून शिरते हे त्यास ठावे नव्हते. परंतु मामा ठावे होते, आणि ऐशा दौलतीत तेवढे पुरते. सुभानरावांनी मुजरा केला. घरी जावोन पेटारा पुसिला, उन्हात ठेविला, आणि बाईंनी सांगितले तैसा बांधून पाहिला. पुन्हा उलगडिला, पुन्हा बांधिला. बायको म्हणाली, "लग्नात माझी साडीसुद्धा इतक्या वेळा पाहिली नव्हती." तेव्हा सुभानराव हसले आणि त्यांस बरे वाटले.

निघण्याच्या दिवशी सदरेत रीतीप्रमाणे खाकरणे सुरू जाहले. पुढे राणीसाहेब, मागे फडणीस, त्यांचे मागे दिवाणजी, प्रत्येकाचा एक हात पदराखाली किंवा काखेत. राणीसाहेब म्हणाल्या, "सुभानराव, जाताच आहात तर..."

सुभानरावांनी हात जोडिले आणि तोंडाने म्हणाले, "आईसाहेब, नाही."

फडणिसांचे खाकरणे अर्ध्यातच अडकले. राणीसाहेब म्हणाल्या, "काय म्हणालात?"

"नाही म्हणालो, आईसाहेब."

"माझ्या लेकीला आईच्या हातचा मसाला न्यायला तुमचा हात दुखतो?"

"हात नाही दुखत. मागल्या खेपेस छाती गळली. या खेपेस मी फक्त पंप नेतो आहे. त्याबरोबर दुसरं काही नेलं की पंप परत येतो आणि मी गोदामात जातो."

"मग जा गोदामात!" ऐसे म्हणोन राणीसाहेब बरणीसह उठोन गेल्या. फडणिसांनी मेतकूट खिशात घातले, दिवाणजींनी बरणी पाठीमागे लपविली आणि ती तेथेच धरोन उभे राहिले, मागे सरकावे तर भिंत. धैर्यशील कानाशी येवोन म्हणाला, "सुभानकाका, आता हरलात तर परतायचे कष्टसुद्धा घेऊ नका." हुजूरांचा राग एक, राणीसाहेबांचा दुसरा, आणि मध्ये एकटा लहान पेटारा. परंतु तो हाती धरिला तो काय हलका! चाकांनी वाट आपण होवोन धरिली. मग सुभानरावांच्या मनात आले की आजवर मी पेटारा ओढीत नव्हतो, अवघी सदर ओढीत होतो.

झडतीच्या चौकीवर शिपायाने आत पाहिले आणि पुसिले, "बस इतना ही?" सुभानराव म्हणाले, "बस इतना ही," आणि हे शब्द त्यांस इतके गोड लागले की पुढे चालता चालता आणिक एकवार आपल्याशीच म्हणाले. विमानात शाल पांघरोन झोप लागली. उतरले तेव्हा लोक फिरत्या पट्ट्याशी माना वाकड्या करोन उभे होते, आणि सुभानराव त्यांच्यामधून कोणाची वाट न पाहता थेट बाहेर पडले. त्या वेळी डोळे मिटोन त्यांनी कर्णिकबाईंस मनातल्या मनात नमस्कार केला. दहा वर्षांची दुष्मनी, आणि पहिला नमस्कार मनापासोन तो हा. मुक्कामी न्हाणीघर वाफेने भरिले, सदरा टांगिला, आपण न्हाले, आणि आरशात पाहिले तो समोर कोणी वकील उभा.

दरबारी कर्णिकबाईही आल्या होत्या, त्यांच्या दौलतीचा पंप घेवोन. त्यांनी सुभानरावांस नखशिखांत न्याहाळिले आणि नुसती मान हलविली. या दरबारच्या वजिराने छातीकडे पाहिले नाही, पाहण्याजोगे काही नव्हतेच. दौलतीने गाडीने आधीच धाडिलेल्या पंपाकडे पाहिले आणि पुसिले, "गळतो का?" सुभानराव म्हणाले, "हुजूर, पिंप मागवा, भरू द्या, आत पंप सोडा आणि आपण जेवून या." पिंप आले, पंप सुटला, वजीर खरोखरच जेवून आले, आणि पंप आतोन कोरडा निघाला. बाईंचा पंपही सोडिला. तो गळाला नाही, परंतु कुरकुरला. तह सुभानरावांस मिळाला. बाहेर ओसरीत बाई भेटल्या आणि म्हणाल्या, "हरले. पण आज चव आली." सुभानराव गहिवरोन हात जोडू लागले, तो बाई म्हणाल्या, "हात नका जोडू, कोट वर ओढला जातो."

दौलतीत नौबत वाजली. हुजूरांनी भरसदरेत मानाची वस्त्रे मागविली आणि रीतीप्रमाणे पुसिले, "वकील, हे यश कोणाचे?" या प्रश्नास दौलतीत एकच उत्तर असे, हुजूरांच्या पुण्याईचे. पिढ्यानपिढ्या तेच देत आले, आणि देणारे सारे हुशार, म्हणोनच पुण्याई वाढत गेली. दिवाणजी तर ओठ हलवोन उत्तर सुचवीतही होते. सुभानराव म्हणाले, "हुजूर, हे यश कर्णिकबाईंचे."

"शत्रूच्या वकिलाचे नाव? भरसदरेत?"

"शत्रूच. पण पेटारा कसा बांधायचा आणि नाही कसं म्हणायचं, हे मला त्यांनी शिकवलं. इथल्या कोणी शिकवलं असतं तर त्याचं नाव घेतलं असतं. इथे मला सगळ्यांनी बरण्या दिल्या. वकिली ठेवायची तर ठेवा, काढायची तर काढा. पण ज्यांनी सांभाळून घेतलं त्यांचं नाव मी गिळणार नाही."

हुजूरांचा चेहरा लाल जाहला. धैर्यशील एक पाऊल पुढे आला. तेव्हा पडद्याआडोन राणीसाहेबांचा आवाज आला, "खरं बोलतात ते. मीच दोन दिल्या होत्या." हुजूर वस्त्रांपाशी गेले, आणि ती स्वहस्ते सुभानरावांच्या खांद्यावर घालोन म्हणाले, "वकिली यांजकडेच." धैर्यशील जेथून आला होता त्या कोपऱ्यात परतला.

सदर उठल्यावर राणीसाहेब एकट्या सुभानरावांपाशी आल्या. हात रिकामे होते, आणि ते कोठे ठेवावे हे त्यांस समजेना. म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात त्या रात्री मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, आई, मसाला पुष्कळ झाला. पाच वर्षांत तू एकदाही आली नाहीस." मग म्हणाल्या, "मी कधी विमानात बसले नाही, सुभानराव. भीती वाटते. लहान पेटारा कसा बांधायचा, ते मला दाखवाल?" सुभानराव खाली बसले, राणीसाहेबांची एक निळी आणि एक राखाडी साडी मागविली, आणि म्हणाले, "आईसाहेब, आधी शाल हाताशी ठेवा."

येणेप्रमाणे सुभानरावांची वकिली राहिली, दौलतीचा पंप उत्तरेत बसला, आणि राणीसाहेब फाल्गुनात लेकीस भेटोन आल्या. ज्या बाईंच्या शिकवणीने हे घडले त्या परक्या दौलतीच्या, म्हणोन दौलतीच्या दप्तरी त्यांचे नाव घालण्यास कोणी तयार जाहला नाही. ते येथे घातले. कुमुदिनीबाई कर्णिक. इति.