हात लावून तर बघा

साहेबांना ऑफिसातल्या नव्या स्क्रीनवर दोन बोटांनी नकाशा ताणताना पाहिलं आणि मी ठरवलं, हे आपण घरी बनवायचं, तेही स्वस्तात. (आमच्या मुलुंडच्या घरात बल्ब नीला बदलते, हा भाग वेगळा.)

एक खोका, त्याच्या तळाशी जुना वेबकॅम, वर काच आणि काचेवर बटरपेपर. बोट टेकलं की सावली कॅमेऱ्याला दिसते आणि लॅपटॉपमधून आवाज येतो. प्रोग्रॅम मीच लिहिला. प्रत्येक बोटाला पेटीचा वेगळा सूर द्यायचा होता, पण कुठलंही बोट टेकवा, देवळातली घंटाच वाजायची. असो. काच मात्र आमच्या टीपॉयची होती.

"आज हळदीकुंकू आहे," नीला म्हणाली. "बायका वाण ठेवणार कुठे, तुमच्या डोक्यावर?"

"अगं, त्यांना हेच दाखवू. चाललं तर गॅलरीचा कोपरा माझ्या प्रयोगांना."

"आणि नाही चाललं तर सगळं भंगारात."

बायका आल्या. मी खोक्याशेजारी उभा राहून "हात लावून बघा ना" म्हणत होतो, पण एकीचंही बोट पुढे येईना. येणार कसं? काचेला हात लावू नका, डाग पडतात, हे नीलाने अख्ख्या बिल्डिंगला पढवून ठेवलंय. कोपरा गेला, मी समजलो.

तेवढ्यात तिळगूळ घ्यायला उठलेल्या सुलक्षणाकाकूंचा पाय खोक्याला लागला. सवयीने त्यांनी काचेला हात लावून नमस्कार केला, आणि घंटा वाजली.

"नीला, आधी सांगायचंस ना गं," काकू हात जोडून म्हणाल्या. "पाय लागला माझा."

"काकू, हा मल्टिटच आहे," मी म्हणालो.

"हो का? कुठले, कच्छकडचे?"

मी समजावेपर्यंत रांग लागली. कुणी हळद वाहिली, कुणी कुंकू. मानसीवहिनींनी पाच लाडू ठेवले. कॅमेऱ्याला ती बोटंच वाटली, घंटा थांबेचना, आणि बायकांनी टाळ्यांवर आरती धरली. मी खोक्यामागे प्लग शोधत होतो.

कोपरा मिळाला. फक्त नीलाने देव्हारा तिकडे हलवला आणि माझा खोका त्याच्यापुढे ठेवला. काल प्रोग्रॅम दुरुस्त केला, आता पेटीचे सूर नक्की लागतील. सकाळी उठल्या उठल्या गेलो आणि बोट पुढे केलं.

"अहो, हात लावू नका," नीला आतून म्हणाली. "आंघोळ झालीय का तुमची?"