नुसत्या नावाने

नव्या अधिकारी रुजू झाल्या आणि पहिल्याच सभेत त्यांनी जाहीर केलं, "मला मॅडम म्हणायचं नाही. बाई नाही, ताईही नाही. सगळ्यांनी नुसत्या नावाने हाक मारायची." तरुण मंडळींनी टाळ्या वाजवल्या. हेडक्लार्कनी मात्र टाळीसाठी उचललेले हात तसेच खाली घेतले.

त्यांना नात झाली होती आणि मुलीकडे जायला रजा हवी होती. रजा मागायची तर आधी हाक मारायला हवी. वरिष्ठांना नावाने हाक मारायला त्यांची जीभ उभ्या जन्मात कधी वळली नव्हती. ते केबिनमध्ये गेले आणि नुसतेच खाकरले.

"सर्दी झालीय का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो," ते म्हणाले आणि वाफ घ्यायचा सल्ला घेऊन बाहेर आले. दुसऱ्यांदा त्यांनी दारावर टकटक केली, तर "बरं झालं आलात!" म्हणून गेल्या वर्षीचा अहवालच गळ्यात पडला. तेवढ्यात बायकोचा फोन.

"विचारलंत का हो?"

"सुरुवात कशी करू, तेच सुचत नाहीये."

"असू दे. नात चालायला लागली की तीच येईल भेटायला!"

शेवटी हिय्या करून ते उठले. समोर पाहतात तर केबिनबाहेर आलेल्या अधिकारी फाइल चाळत मागे मागे सरकताहेत, थेट नुकत्याच रंगवलेल्या कपाटाकडे. नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं.

"अहो!" ते ओरडले.

हॉलमधले झाडून सगळे नवरे जागच्या जागी थबकले. एकाच्या तोंडून सवयीने "आलो, आलो" असंही निघालं. थांबल्या नाहीत त्या फक्त अधिकारी. ही हाक त्या घरी मारत असत, ऐकत नसत. जाकिटाची पाठ हिरवीगार झाली.

"नावाने हाक मारायची ना!" त्या कडाडल्या.

"जीभच वळत नाही हो," हेडक्लार्क रडकुंडीला आले. "सकाळपासून रजा मागायला येतोय, तेवढ्यावरच अडलंय. नात झालीय मला."

त्या काही बोलणार तोच टेबलावरचा फोन वाजला. मुख्य कार्यालयातल्या त्यांच्या वरिष्ठ बाई बोलत होत्या. अधिकारी ताठ उभ्या राहिल्या. "हो मॅडम. नाही मॅडम. लगेच करते, मॅडम."

फोन ठेवून त्या हेडक्लार्ककडे वळल्या.

"त्यासुद्धा मला हेच सांगतात," त्या हळूच म्हणाल्या. "नावाने हाक मार म्हणून."

मग त्यांनी रजा मंजूर केली. हेडक्लार्कना इतका आनंद झाला की ते दारापर्यंत जाऊन परत आले.

"मग आता तुम्हाला काय म्हणू?"

"मॅडमच म्हणा," पाठीवरचा रंग चाचपत त्या म्हणाल्या. "पण जरा आधी म्हणा."